सोडतीत नाव लागेपर्यंत : फाइफच्या लिंक्सवर आठ दिवस

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला निघताना तिथल्या ओल्ड कोर्सचा टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, बहुतेकांच्या हातात नसतो. विमानाचं तिकीट, व्हिसा, खोली, बाकीच्या कोर्सेसची बुकिंगं सगळं ठरलेलं, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तेच अधांतरी. म्हाडाच्या सोडतीत मुरलेल्या मुंबईकराला यात नवल वाटणार नाही, कारण ओल्ड कोर्सवरही सोडतच निघते. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी २ पर्यंत नावं द्यायची आणि त्याच दिवशी दुपारनंतर निकाल बघायचा. सहलीचा आराखडा या वेळापत्रकाभोवती बांधला नाही, तर सोडतीत नाव लागतं नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी दुसरीकडे पैसे भरून ठेवलेले असतात.

म्हणून आठवड्यातले दोनच दिवस पक्के करावेत, किंग्सबार्न्स आणि कार्नूस्टी. दोन्ही महाग आहेत, आगाऊ बुकिंग लागतं आणि ऐन वेळी तारीख बदलून मिळेलच असं नाही. बाकीचे दिवस क्रेल, एली, न्यू असे ठेवावेत. हे कोर्स उत्तम आहेत, आणि पुढेमागे सरकवता येतात. खाली शुक्रवारी पोचून पुढच्या शनिवारी परतायचा हिशेब धरला आहे.

शुक्रवार : एडिनबरा ते सेंट अँड्र्यूज

एडिनबरा विमानतळापासून सेंट अँड्र्यूज साधारण ८० किलोमीटर. क्वीन्सफेरी पुलावरून फोर्थची खाडी ओलांडली की फाइफ परगणा लागतो. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची आणि भारतीय लायसन्स तिथे पाहुण्याला बारा महिने चालतं. फसगत होते ती डिकीत. चार माणसं, चार गोल्फ बॅगा आणि चार सुटकेस कुठल्याही साध्या गाडीत बसत नाहीत, नऊ आसनांची व्हॅनच लागते. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुक करतानाच तसं सांगावं. नाहीतर गिअरची गाडी मिळते आणि जेट लॅगमध्ये गोल चौकांतून पहिली परीक्षा द्यावी लागते.

गाडी नको असेल तर एडिनबराहून रेल्वेने लूकर्सला उतरावं आणि तिथून ९९ नंबरची बस पकडावी. सेंट अँड्र्यूजचं स्वतःचं स्टेशन १९६९ साली बंद झालं.

बॅग भरताना ड्रायव्हर या सगळ्यात लांब क्लबचं (खेळायच्या काठीचं) डोकं काढून मोज्यात गुंडाळून ठेवा. बॅगेत ड्रायव्हरपेक्षा उंच असा आधाराचा दांडा उभा करा, म्हणजे बॅग उलटी आदळली तरी मार शाफ्टवर न येता दांड्यावर येतो. अंतर मोजायच्या रेंजफाइंडरची सुटी लिथियम बॅटरी केबिन बॅगेत. खाऊमध्ये चिवडा, चकल्या, खारे शेंगदाणे चालतील, पण पेढे-बर्फी घरीच ठेवा. भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस ब्रिटनमध्ये नेता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे हँडिकॅपचा, खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, अधिकृत दाखला. पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा तिथे, तो मागितला जातो. क्लबच्या ॲपमधला स्क्रीनशॉट जुना असेल तर उगाच हुज्जत होते, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात नवा काढून घ्यावा.

शनिवार : न्यू कोर्स, आणि जमिनीवरून खेळायचा पहिला धडा

गावातल्या लिंक्सवर सात कोर्स आहेत. ओल्ड, न्यू, ज्युबिली, ईडन, स्ट्रॅथटायरम, नऊ होलांचा बॅलगोव्ह, आणि गावाबाहेर कड्यावरचा कासल (२००८). न्यू कोर्स १८९५ सालचा, ओल्ड टॉम मॉरिसने आखलेला. पुण्याची न्यू इंग्लिश स्कूल जशी १८८० पासून न्यूच आहे, तसाच हाही.

सुरुवात ओल्डपेक्षा न्यूवर करण्याचं कारण जमीन. आपल्याकडे बहुतेक कोर्सवर पाणी घातलेलं मऊ, जाड गवत असतं. चेंडू हवेतून नेऊन ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या तोकड्या हिरवळीवर, टाकला की तो थांबतो. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा पट्टा. वर बारीक पात्यांचं फेस्क्यू गवत, खाली वाळू. पाणी लगेच मुरतं, जमीन टणक राहते आणि ग्रीनवर उंचावरून टाकलेला चेंडू उसळून मागे निघून जातो. चेंडू उंच उडवणारा साठ अंशांचा वेज हा क्लब इथे घात करतो. गवत इतकं तोकडं असतं की वेजची जाड कड जमिनीवर आपटून उसळते आणि चेंडूच्या पोटात बसते, मग चेंडू ग्रीनपलीकडे.

त्याऐवजी सात नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा क्लब, घ्या. चेंडू मागच्या पायाच्या रेषेत, वजन पुढच्या पायावर, पकड पटरची (चेंडू लोळवायच्या क्लबची), आणि मनगट न मोडता पटरसारखाच झोका. चेंडू दोन-तीन यार्ड हवेत जातो आणि उरलेलं अंतर लोळत काटतो. ग्रीनच्या बाहेर वीस-तीस यार्डांवर असाल आणि मधे लांब गवत नसेल तर सरळ पटरच काढा. तिथले कॅडी, म्हणजे बॅग उचलणारे आणि सल्ला देणारे सोबती, तोच हातात देतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक जण पटरने आखूड मारतो, कारण ग्रीनबाहेरचं गवत डोळ्याला दिसतं त्यापेक्षा चेंडूला जास्त अडवतं.

वाऱ्याचंही तसंच. समोरून वारा असला की माणूस जोरात मारतो. जोरात मारलं की चेंडूला मागची फिरकी जास्त मिळते, फिरकीने तो वर चढतो आणि वर गेला की वारा त्याला थोपवतो. दीडशे यार्डांसाठी एरवी सात नंबर लागत असेल तर पाच नंबर घ्या, पकड इंचभर खाली धरा आणि तीन-चतुर्थांश झोका द्या.

सकाळची वेळ घेतली तर साडेबारापर्यंत खेळ आटोपतो आणि २ च्या आत सोमवारच्या सोडतीत नाव टाकता येतं. अर्ज ऑनलाइन किंवा फोनवर होतो. किमान दोन आणि जास्तीत जास्त चार खेळाडू, प्रत्येकाचं नाव, हँडिकॅप आणि घरचा क्लब. ही माहिती फोनमध्ये एका जागी लिहून ठेवा, कारण दर वेळी तीच भरायची आहे.

संध्याकाळी पाय चालत असतील तर ओल्ड कोर्सच्या शेजारी 'हिमालयाज' नावाचं पटिंग ग्रीन आहे. १८६७ साली स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचं हे मैदान, क्लबच्या वेळा सोडून थोडक्या पौंडांत कुणालाही खुलं. उंचवटे असे की नावाला हरकत घ्यावीशी वाटत नाही. लांब पटचा (पटरच्या फटक्याचा) अंदाज बांधायला याहून स्वस्त शिकवणी नाही आणि ओल्डवर ती कामी येते. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेडाची घाई नसते.

रविवार : ओल्ड कोर्स बंद, म्हणून आत जायचा दिवस

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ नसतो. मोठ्या स्पर्धांचे रविवार तेवढे अपवाद. गावातले लोक कुत्री, पोरं, बाबागाड्या घेऊन फेअरवेवर, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यावर, फिरतात. खेळणाऱ्याने ही संधी दवडू नये. ग्रीनवर आणि बंकरमध्ये पाय न ठेवता पूर्ण कोर्स पायी हिंडावा.

बघायचं ते बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. ओल्डवर ते ११२ आहेत आणि टीवरून त्यातले निम्मे दिसतच नाहीत. भिंती गवताच्या लाद्या एकावर एक रचून उभारलेल्या, सरळ उभ्या. त्यांत पडलेला चेंडू पुढे काढता येईलच असं नाही, बऱ्याचदा आडवा किंवा मागेच मारावा लागतो. नियमही इथेच बघून ठेवा. चेंडू भिंतीला चिकटला आणि खेळण्याजोगा नसला तर एक दंडाचा फटका घेऊन बंकरच्या आतच ड्रॉप (चेंडू हातातून सोडून तिथून खेळणं), आणि दोन दंड घेऊन बंकरच्या बाहेर, झेंड्याच्या सरळ रेषेत मागे. चौदाव्या होलवरच्या हेल बंकरमधून १९९५ च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत जॅक निक्लॉसला बाहेर पडायला चार फटके लागले आणि त्या होलवर दहा झाले. त्यामुळे दोन दंडांचा सौदा महाग नाही.

दुपारी कॅथेड्रलचे अवशेष बघावेत. तिथल्या दफनभूमीत ओल्ड टॉम आणि यंग टॉम, दोन्ही मॉरिस आहेत. मुलाने चार ओपन जिंकल्या आणि १८७५ साली, वयाच्या २४ व्या वर्षी तो गेला. बाप १९०८ पर्यंत जगला.

गावात गट्टा-पर्चाच्या चेंडूची एक कथाही सांगितली जाते. पिसं भरलेल्या महागड्या चेंडूंचा जमाना गट्टा-पर्चाने संपवला. तो चीक इथे पोचला म्हणे भारतातून पाठवलेल्या विष्णूच्या मूर्तीभोवतीच्या वेष्टनातून. खरीखोटी विष्णूलाच ठाऊक, पण पहिल्या टीवर सांगायला बरी आहे.

मंगळवारी किंग्सबार्न्स ठरलेलं आहे, म्हणून आज सोडतीत नाव टाकायचं नाही.

सोमवार : क्रेल

किनाऱ्याने दक्षिणेला साधारण सोळा किलोमीटर. ९५ नंबरची बस सेंट अँड्र्यूजहून क्रेल, अँस्ट्रदर करत किनाऱ्याकिनाऱ्याने जाते. क्रेल गोल्फिंग सोसायटी १७८६ सालची, जगातल्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक. तिचे दोन कोर्स आहेत, ओल्ड टॉमच्या हातचा बॅलकोमी आणि गिल हॅन्सने आखलेला, १९९८ साली खुला झालेला क्रेगहेड. एकच खेळायचा असेल तर बॅलकोमी. पार, म्हणजे अपेक्षित फटके, ६९, लांबी सहा हजार यार्डांच्या आत, म्हणून कागदावर सोपा वाटतो. पाचव्या होलला समुद्राची खाडी तिरपी कापायची आहे आणि किती कापायची हे आपल्यावर सोडलेलं. वारा समोरून असेल तर जेवढी कापावीशी वाटते त्याच्या निम्मी कापा. शेवटचा होल पार-३ आहे, हे आधी माहीत नसलं तर कार्डाचा हिशेब चुकतो.

ईशान्येकडून 'हार' आला, म्हणजे समुद्रावरचं थंड धुकं, तर अर्ध्या तासात झेंडा दिसेनासा होतो आणि जूनमध्ये स्वेटर चढवावा लागतो. छत्री आणूच नका, वाऱ्यात उलटते. त्यापेक्षा जलरोधक शर्ट-पँट आणि पावसातल्या हातमोज्यांची जोडी. हे मोजे ओले झाल्यावर जास्त पकडतात.

बुधवारसाठी आज २ च्या आत नाव टाकायचं. तेव्हा बाराव्या-तेराव्या होलवर असाल, म्हणून फोनमध्ये एकचा गजर लावून ठेवा. सोडत हुकण्याचं कारण नशिबापेक्षा विसर जास्त वेळा असतं.

परतताना अँस्ट्रदरला मासे-चिप्स. मासे न खाणाऱ्याने चिप्सवर भागवावं. तळण वेगळं असतं का, हे मात्र विचारून घ्यावं.

मंगळवार : किंग्सबार्न्स

फी ओल्डपेक्षाही जास्त. २००० साली खुला झालेला हा कोर्स काइल फिलिप्सने शेतजमिनीतून घडवला. टेकाडं, घळी, सगळं माणसाने रचलेलं, आणि तरी दोनशे वर्षांपूर्वीचं वाटतं. फेअरवे रुंद आहेत. त्यामुळे ओल्डच्या आधी इथे ड्रायव्हर मोकळा करून घ्यावा. बारावा होल सहाशे यार्डांचा पार-५, डावीकडे पूर्ण लांबीभर समुद्र. पंधरावा पार-३, मधे खडक आणि पाणी. टी निवडताना मोठेपणा नको. पंधराच्या वर हँडिकॅप असलेल्याने मागच्या टीवरून हा कोर्स खेळला तर निम्मे चेंडू भरतीला अर्पण होतात.

गुरुवारसाठी नाव टाका.

बुधवार : एली, आणि एकट्याची सोडत

बुधवारच्या सोडतीत नाव लागलं नसेल तर एली. पहिल्या टीसमोर टेकडी आहे आणि पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून स्टार्टरच्या खोलीत पाणबुडीतून काढलेला पेरिस्कोप बसवलाय. तो त्यातून पुढचे खेळाडू लांब गेलेत का ते बघतो आणि मग सोडतो. त्याने सांगितल्याशिवाय मारू नका. एलीत एकही पार-५ नाही. सोळा पार-४ आणि दोन पार-३. पाच वेळा ओपन जिंकणारा जेम्स ब्रेड शेजारच्या अर्ल्सफेरीचा.

पश्चिमेला आणखी लंडिन आणि लेव्हन आहेत. पूर्वी दोन्ही मिळून एकच कोर्स होता, १९०९ साली विभागणी झाली. २०२४ पासून लेव्हनला रेल्वे पुन्हा जाते, त्यामुळे एडिनबराहून एका दिवसात येऊन खेळणंही जमतं.

सोडतीत तिन्ही वेळा नाव हुकलं तरी एक दार उरतं. दोघांच्या किंवा तिघांच्या गटात रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी एकेकट्या खेळाडूंची वेगळी सोडत असते. आदल्या दिवशी सकाळी ९ ते ५ मध्ये ओल्ड पॅव्हिलियन किंवा लिंक्स क्लबहाउसला स्वतः जाऊन नाव नोंदवायचं. पूर्वी यासाठी रात्रभर स्टार्टरच्या खोलीबाहेर रांग लागायची. २०२४ पासून ती पद्धत बंद झाली. चौघे असाल तर चौघांनी वेगवेगळं नाव द्यावं. बरोबर खेळायला मिळणार नाही, पण खेळायला मिळेल.

गुरुवार : ओल्ड कोर्स

अर्धा तास आधी स्टार्टरपाशी हजर, हातात हँडिकॅपचा दाखला. कॅडी आधी सांगून ठेवावा आणि त्याचे पैसे, टिपसह, रोख पौंडांत तयार ठेवावेत. इथे कॅडी चैन म्हणून घ्यायचा नाही. टीवरून कुठला बंकर लपलाय ते फक्त त्यालाच ठाऊक असतं.

पहिला आणि अठरावा होल मिळून एकच अवाढव्य हिरवळ आहे, रुंदी सव्वाशे यार्डांच्या वर. इतक्या जागेत चूक होते ती दुसऱ्या फटक्यात. ग्रीनला अगदी चिकटून स्विल्कन नावाचा ओढा आहे आणि लांबून तो दिसत नाही. एक क्लब जास्त, म्हणजे एका नंबराने लांब मारणारा, घ्या. ग्रीनच्या मागे अडचण नाही, पुढे आहे.

यानंतरचा नियम एकच, शंका आली की डावीकडे. कोर्स घड्याळाच्या उलट दिशेने जातो. जाताना उजवीकडे गॉर्सची काटेरी झुडपं, येताना उजवीकडे कोर्सची हद्द, आणि दोन्ही वेळा डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे. उजवीकडे स्लाइस मारणाऱ्याला ओल्ड म्हणूनच महागात पडतो. पण फार डावीकडे गेलं की ग्रीनकडे जायचा कोन बिघडतो आणि बंकर मधे येतो. डावी बाजू जीव वाचवते, पार देत नाही.

चौदा होलांचे सात सामायिक ग्रीन आहेत, आणि जोडीच्या आकड्यांची बेरीज नेहमी १८. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, सातवा आणि अकरावा असे. या ग्रीनवर जाताना झेंडा पांढरा, परतीच्या होलांना लाल. चुकीच्या झेंड्याकडे खेळलात तर साठ यार्डांचा पट समोर येतो. हिमालयाज इथे आठवेल.

अकरावा पार-३. पुढे स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल. ग्रीन मागून पुढे जोरात उतरतं, त्यामुळे पलीकडून चिप करणं अवघड. बॉबी जोन्सने १९२१ साली हिल बंकरमध्ये वैतागून इथेच डाव सोडला. ग्रीनच्या मध्यावर मारा, झेंडा विसरा.

चौदाव्याला हेल बंकर टाळायला दुसरा फटका डावीकडे, पाचव्या होलच्या फेअरवेकडे.

सतरावा, रोड होल. टीवरून हॉटेलच्या शेडवरून मारायचं. शेडवर नाव रंगवलंय, कॅडी त्यातलं अक्षर सांगतो आणि वाऱ्याप्रमाणे अक्षर बदलतं. दुसऱ्या फटक्याला ग्रीन गाठायचा मोह होतो. ग्रीन अरुंद आणि तिरपं आहे. पुढे-डावीकडे रोड बंकर, मागे डांबरी रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत. रस्ता कोर्सचाच भाग धरलाय, म्हणजे चेंडू रस्त्यावर थांबला तर फुकट ड्रॉप नाही, आहे तिथूनच मारायचा. १९७८ साली जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा ग्रीनवर होता. त्याचा पट उतारावरून बंकरमध्ये गेला आणि होलवर नऊ झाले. साध्या खेळाडूने दुसरा फटका ग्रीनच्या पुढे उजवीकडे टाकावा, तिथून पटरने वर चढवावा आणि पाच घेऊन निघावं. इथला पाच चांगला असतो.

अठराव्याला स्विल्कन पुलावर फोटो काढा, पण एकच, मागचा गट वाट बघत असतो. ग्रीनसमोर 'व्हॅली ऑफ सिन' हा खळगा आहे. आखूड पडलेला चेंडू त्यात परत येतो. तिथूनही पटरच.

अठरा होल चार तासांत संपवायची अपेक्षा असते आणि मार्शल घड्याळ बघतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये आलात तर फेअरवेवर छोटी चटई ठेवून तिच्यावरून मारावं लागतं. फी त्या महिन्यांत बरीच कमी असते.

शुक्रवार : कार्नूस्टी

टे नदीचा पूल ओलांडून डंडीमार्गे पाऊण तास. डंडीच्या गिरण्या एकेकाळी बंगालच्या तागावर चालायच्या. कार्नूस्टीत दृश्य फारसं नाही, फेअरवे सरळसोट, आणि तरी आठवड्यातला सगळ्यात कठीण दिवस हाच, कारण इथे डावीकडे मोकळीक मिळत नाही. शेवटचे तीन होल वाऱ्यात निर्दय आहेत. सोळावा दोनशे चाळीस यार्डांच्या वरचा पार-३, तिथे ड्रायव्हर काढायला लाजू नका. सतराव्याला बॅरी बर्न नावाचा ओढा वळसे घेत दोनदा आडवा येतो. अठराव्याला तोच ग्रीनच्या पुढ्यात. १९९९ च्या ओपनमध्ये ज्यां व्हान द व्हेल्दला इथे जिंकायला सहा फटके पुरले असते. सात झाले, आणि प्लेऑफमध्ये ओपन पॉल लॉरीने नेली.

टीवरचा फटका रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या लांब गवतात) गेला असेल तर वेजने फेअरवेवर काढा, ओढ्याच्या अलीकडे थांबा आणि तिसऱ्या फटक्याने पलीकडे जा.

रात्री बॅग भरताना बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपायच्या आधी एकदा बदला. ओले बूट तसेच कव्हरमध्ये गेले तर मुंबईत कव्हर उघडवत नाही. रेनसूट हीटरवर टाकू नका, पाणी अडवणारा थर निघतो. खुर्चीच्या पाठीवर टाकला तरी सकाळपर्यंत वाळतो.